पेटी सोपवताना

नव्या बाई,
आजपासून ही पेटी तुमची.
वाजवायची पेटी नव्हे हं, उघडायची,
सफरचंदांच्या खोक्याच्या फळ्या, वर दोन कड्या.
उजवीकडून उचला. डावी बिजागरी
चौदा वर्षं खारा वारा खातेय,
ती करकरते त्याला पोरं 'पहिला सूर' म्हणतात.
ओशाळू नका. तिथूनच सुरू करा.

झाकणाला यादी चिकटवलीय, पण यादीवर जाऊ नका.
यादीत ढोल दोन. एक सालोमेच्या भावानं
पावसात विसरला, त्यात आता काठ्या ठेवते.
दुसऱ्याचा आवाज दमट हवेत बसतो, माझ्यासारखाच,
आणि चिलोएत हवा दमट नसते कधी?
चुलीजवळ धरा घटकाभर. बोलायला लागतो.

सात बाटल्या. नेलपॉलिशच्या लाल रेघेपर्यंत पाणी,
चमच्यानं वाजवायच्या, हलक्या हातानं.
आठवड्याभरात पाणी आटतं, सूर चढतो.
पोरांना सांगू नका.
कुणाच्या कपाळावर आठी पडते ते बघा,
तो कान तुमचा.

स्वरलेखनाची पुस्तकं कास्त्रोहून यायची होती.
अजून यायचीच आहेत.
तोवर जमिनीवर खडूनं पाच रेघा ओढा
आणि बटाटे मांडा: थोराड तो लांबलेला सूर,
चिमुकला तो झटकन संपणारा.
जांभळा बटाटा आला की सगळ्यांनी गप्प.
तास संपला की अख्खी सुरावट उकडायची,
मीठ लावून खायची.
धडा पोटात गेला, असं म्हणायला मोकळे.

अलिरो गाणार नाही.
आग्रह नको. त्याच्या बुटाकडे बघा.

आणि रोसेंदा.
तिच्याकडे दोरीला टांगलेला घोड्याचा नाल,
एवढंच काम, तिसऱ्या मात्रेवर एक टण्ण.
दोन वर्षं ती उशिरा वाजवायची.
केसभर उशीर, पण रोज तेवढाच.
दोन वर्षं मी म्हणत राहिले, मोज, अगं मोज,
ती मोजायची, ओठ हलायचे तिचे,
आणि तरीही टण्ण मागून यायचं,
जेवायला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

मार्चात एकदा माझी लाँच आलीच नाही.
तिच्या वडिलांनी होडीत घेतलं मला.
जाळ्यांवर बसले, पाय ओले,
आणि इंजिन सुरू झालं:
टुक टुक… टुक. टुक टुक… टुक.
तिसरा ठोका अडखळत होता,
केसभर.
रोसेंदा समोर बसलेली, मान डोलवत,
पाळण्यापासून याच होडीत बसलेली.

मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिले.
काय बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी नाल तिच्याच हाती दिला
आणि बाकीच्यांना म्हटलं, आज हिच्या मागे चला.
नऊ पोरं, शिंपल्यांच्या माळा,
नरसाळं खुपसलेला बागेतला पाइप,
अलिरोचा बूट.
पहिल्यांदाच सगळे एका होडीत होते.

पुढे वसंतात इंजिन दुरुस्त झालं.
रोसेंदा शाळेत आली ती फुरंगटूनच:
"बाई, आता होडी चुकते."

तो ताल यादीत लिहिलेला नाही.
कसा लिहायचा तेच कळलं नाही मला,
बटाट्यांतही बसेना.
पोरांना विचारा, वाजवून दाखवतील.
तुम्हाला चुकल्यासारखा वाटला
तर दुरुस्त करण्याआधी
एकदा त्यांच्या होडीतून घरी जा.

बाकी काही नाही.
चमचे आठ आहेत, त्यातला वाकडा
स्वयंपाकघरातल्या दोन्या ओर्तेन्सियाचा.
परत करायचा राहिला.
तिनं मागितला तर द्या,
पण 'सा'ची बाटली त्याच्याशिवाय नीट वाजत नाही,
तेव्हा आपणहून आठवण काढू नका.

— एर्सिलिया